भुलीचा वायू आणि मज्जारज्जूचे संकेत

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ रुग्णाला तपासायला जातो, तेव्हा नातेवाईकांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. वेदना होणार नाहीत ना? मध्येच जाग येणार नाही ना? शुद्धीवर यायला किती वेळ लागेल? भूल श्वासावाटे देणार की शिरेवाटे, असे सहसा कोणी विचारत नाही आणि बहुतेक शस्त्रक्रियांमध्ये त्याने फारसा फरक पडतही नाही. अॅपेंडिक्स काढताना रुग्ण सेव्होफ्लुरेनच्या वाफेने झोपला काय किंवा प्रोपोफॉलच्या इंजेक्शनने झोपला काय, शल्यचिकित्सकाचे काम तेच राहते. पाठीच्या कण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत मात्र हाच प्रश्न कळीचा होऊन बसतो. तेथे रुग्ण गाढ झोपेत असतानाही त्याच्या मज्जारज्जूने सतत उत्तरे देत राहणे आवश्यक असते. भुलीचे वायू नेमकी हीच उत्तरे क्षीण करतात, आणि कधी कधी पुसूनही टाकतात.

समजा, चौदा वर्षांची एक मुलगी आहे. शाळेचा गणवेश घालताना तिचा एक खांदा वर दिसतो, हे आईच्या लक्षात आले. तपासणीत कळले, की पाठीचा कणा एका बाजूला वळत चालला आहे. या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. वाढत्या वयात, विशेषतः मुलींमध्ये, तो कोणत्याही स्पष्ट कारणाशिवाय उद्भवू शकतो. क्ष-किरण चित्रात बाक ५० अंशांच्या आसपास किंवा त्यापुढे गेला, की बहुधा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. मणक्यांमध्ये दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवायचे, त्यांत धातूच्या सळया अडकवायच्या आणि त्या सळयांच्या आधाराने कणा हळूहळू सरळ करत आणायचा, असे या शस्त्रक्रियेचे स्वरूप असते. कित्येक तास ती चालते. ज्या पोकळीच्या कडेने हे स्क्रू जातात, तिच्यात करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू असतो. पायांच्या हालचाली, पायांची संवेदना, लघवी आणि शौचावरचे नियंत्रण, सारे याच रज्जूतून जाते. स्क्रू काही मिलिमीटर आत सरकला, किंवा कणा सरळ करताना रज्जू ताणला जाऊन त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा झाला, तर कमरेखालचा भाग लुळा पडू शकतो. अशा मुलींमध्ये मज्जासंस्थेला इजा होण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. पण चालत रुग्णालयात आलेल्या मुलीच्या आईवडिलांना या आकड्याने कितपत धीर येणार?

अशी इजा झाली की नाही, हे पूर्वी रुग्ण शुद्धीवर आल्यावरच कळत असे. अमेरिकेतील ह्यूस्टनचे डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी तयार केलेल्या सळईमुळे १९६० च्या दशकात कणा सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेला मोठी चालना मिळाली आणि तिच्याबरोबर हे भयही आले. १९७३ मध्ये फ्रान्समधील व्होझेल, स्तान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धीट उपाय मांडला. सळया बसवून झाल्या, की भूल उथळ करायची, रुग्णाला अर्धवट जागे करायचे, आधी हात हलवायला सांगायचे आणि मग पाय. हात हलले पण पाय हलले नाहीत, तर रुग्ण जागा आहे आणि बिघाड मज्जारज्जूत आहे असे समजायचे व सळया लगेच सैल करायच्या. ‘वेक-अप टेस्ट’ या नावाने ही चाचणी जगभर गेली. हातांची हालचाल आधी पाहण्यातली युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

या चाचणीच्या मर्यादा उघड आहेत. पालथा झोपवलेला, उघड्या जखमेचा, श्वासनलिकेत नळी असलेला रुग्ण अर्धवट शुद्धीत धडपडला, तर नळी निघू शकते, बसवलेले स्क्रू हलू शकतात. लहान मुले आणि मतिमंद रुग्ण सूचना पाळू शकत नाहीत. शिवाय ही चाचणी एका क्षणाचेच उत्तर देते. इजा तासाभरापूर्वी झाली असेल, तर ती उशिरा कळते. चाचणीनंतर वीस मिनिटांनी झाली, तर कळतच नाही. मज्जारज्जूच्या बाबतीत उशीर फार महाग पडतो. रक्तपुरवठा तुटलेल्या चेतापेशी मिनिटांच्या हिशेबाने मरू लागतात.

म्हणून रुग्णाला न उठवता मज्जारज्जूची विचारपूस करण्याची पद्धत हवी होती. १९७० च्या दशकात जपान आणि अमेरिकेतील काही पथकांनी त्यासाठी विजेचा उपयोग सुरू केला. घोट्याच्या आतल्या बाजूच्या मज्जातंतूला विजेचा सौम्य धक्का द्यायचा आणि तो संकेत पाठीच्या कण्यातून वर चढून मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे डोक्याच्या त्वचेवरील इलेक्ट्रोडने नोंदवायचे. या संकेतांना ‘सोमॅटोसेन्सरी इव्होक्ड पोटेन्शियल’ म्हणतात. आपण त्यांना संवेदना-संकेत म्हणू. घोट्यापासून मेंदूपर्यंतच्या या प्रवासाला सुमारे ४० मिलिसेकंद लागतात, मनगटापासून सुमारे २०. मेंदूवर उमटणारी ही लाट असते साधारण एक मायक्रोव्होल्टची, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांशाएवढी. मेंदूची स्वतःची विद्युत हालचाल तिच्या कित्येक पट मोठी असते. त्यामुळे शेकडो धक्के देऊन, त्यांच्या नोंदींची सरासरी काढून ती लाट त्या गलबल्यातून वेगळी करावी लागते.

या पद्धतीचा लाभ होतो का? अमेरिकेतील स्कोलिओसिस रिसर्च सोसायटीच्या शल्यचिकित्सकांकडून ५१ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांची माहिती गोळा करण्यात आली आणि तिचे विश्लेषण १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. संकेत-नोंदणीचा दीर्घ अनुभव असलेल्या पथकांच्या रुग्णांमध्ये मज्जासंस्थेच्या इजा, अल्प अनुभवाच्या पथकांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी आढळल्या. यंत्र दोघांकडेही होते. फरक पडला तो यंत्र काय सांगते आहे, हे ओळखण्यात. भुलीचा विषय येथेच सुरू होतो, कारण यंत्राचा संकेत वाचताना सर्वांत मोठी फसगत भुलीच्या औषधांमुळे होते.

त्याआधी आणखी एका संकेताची ओळख करून घ्यायला हवी. संवेदना-संकेत मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जातात. हालचालीच्या आज्ञा नेणारे तंतू रज्जूच्या बाजूच्या भागातून खाली येतात, आणि ज्या पेशींवर ते संपतात त्या रज्जूच्या पुढच्या भागात असतात. पुढच्या भागाला रक्त पुरवणारी धमनीही वेगळी आहे. तेव्हा मागचा भाग सुखरूप, संवेदना-संकेत उत्तम आणि तरीही रुग्ण जागा झाल्यावर पाय हलत नाहीत, असे घडू शकते आणि घडलेही आहे. त्यासाठी हालचालीचा मार्ग थेट तपासणे आवश्यक होते. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन या ब्रिटिश संशोधकांनी जाग्या माणसाच्या कवटीवरून विजेचा झटका देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले. पण भूल दिलेल्या रुग्णात असा एकच झटका बहुधा वाया जात असे. १९९३ मध्ये तानिगुची, सेडझिच आणि श्राम यांनी एका झटक्याऐवजी काही मिलिसेकंदांच्या अंतराने चार-पाच झटक्यांची माळ वापरली आणि भुलीतही स्नायूंचे उत्तर मिळू लागले. आज हीच पद्धत रूढ आहे. या हालचाल-संकेतांना ‘मोटर इव्होक्ड पोटेन्शियल’ म्हणतात. काहीशे व्होल्टचा झटका दिला, की रुग्णाचे हात-पाय किंचित आखडतात आणि पायांच्या स्नायूंत टोचलेल्या बारीक सुया ते टिपतात. जबडाही आवळला जातो, म्हणून जीभ चावली जाऊ नये यासाठी दातांमध्ये मऊ घडी ठेवावी लागते. ही घडी नीट बसली आहे ना, हे रुग्णाला पालथे केल्यावर पुन्हा पाहावे लागते. गोष्ट क्षुल्लक वाटते, पण जिभेच्या जखमा याच हलगर्जीपणातून होतात.

एक झटका का पुरत नाही आणि माळ का लागते, या प्रश्नाच्या उत्तरातच भुलीच्या वायूचे सारे रहस्य आहे.

चेतापेशीचा लांब तंतू म्हणजे एक तार समजली, तर तारेतून वीज वाहण्यावर भुलीच्या वायूंचा नेहमीच्या मात्रेत फारसा परिणाम होत नाही. परिणाम होतो तो एक तार संपून दुसरी सुरू होते त्या सांध्यावर, ज्याला सायनॅप्स म्हणतात. तेथे संकेत रासायनिक द्रव्याच्या रूपाने पलीकडे पोचवला जातो. आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेस्फ्लुरेन या वाफा सांध्यापलीकडच्या पेशीला शांत करणाऱ्या व्यवस्था बळकट करतात आणि उत्तेजित करणाऱ्या व्यवस्था दुबळ्या करतात. परिणामी पेशीला जागे करण्यासाठी पूर्वीपेक्षा मोठा धक्का लागतो. यावरून एक साधा नियम निघतो. संकेताच्या वाटेवर सांधे जितके अधिक आणि जितके नाजूक, तितका तो वायूने अधिक दबणार.

हा नियम शस्त्रक्रियागृहात पदोपदी प्रत्ययास येतो. कानात टकटक आवाज करून मेंदूच्या बुंध्यात नोंदवला जाणारा श्रवण-संकेत वायूंना फारसा बधत नाही. डोळ्यांवर प्रकाश टाकून मेंदूच्या पृष्ठभागावर नोंदवला जाणारा दृष्टी-संकेत मात्र थोड्याशा वाफेनेही विरून जातो. संवेदना-संकेत या दोहोंच्या मध्ये येतो. त्याची मेंदूच्या पृष्ठभागावरची लाट लहान होते आणि उशिरा येते, पण मानेजवळ, मेंदूच्या बुंध्यापाशी नोंदवलेली त्याचीच लाट बरीच टिकून राहते. आणि स्नायूंतून नोंदवलेला हालचाल-संकेत तर फारच हळवा आहे.

तो इतका हळवा का, हे कळण्यासाठी मज्जारज्जूच्या पुढच्या भागातील पेशींकडे पाहावे लागेल. मेंदूकडून आलेली आज्ञा या पेशींवर येऊन संपते आणि त्या पुढे स्नायूला कामाला लावतात. कवटीवरच्या झटक्याने मेंदूच्या तंतूंत उठणारी पहिली लाट सरळ तारेतून खाली येते. तिला ‘डी-वेव्ह’ म्हणतात. मज्जारज्जूच्या आवरणालगत इलेक्ट्रोड ठेवून ही लाट नोंदवली, तर भुलीचा तिच्यावर जेमतेमच परिणाम दिसतो, कारण तिच्या वाटेत सांधाच नाही. जाग्या माणसात या पहिल्या लाटेमागून मेंदूतल्या पेशींच्या मध्यस्थीने आणखी काही लाटा येतात आणि साऱ्या मिळून खालच्या पेशीला जागे करतात. भुलीत या मागाहून येणाऱ्या लाटा नाहीशा होतात, आणि खालची पेशीही अधिक सुस्त झालेली असते. एकट्या डी-वेव्हने ती जागी होत नाही. १९९३ च्या झटक्यांच्या माळेने साधले ते एवढेच: एकामागोमाग चार-पाच डी-वेव्ह पाठवून सुस्त पेशीला जागे होण्याच्या उंबरठ्यापर्यंत आणणे. वायूची मात्रा वाढवत गेले, की एका टप्प्यावर ही माळही अपुरी पडते.

येथे एक विलक्षण योगायोग आहे, किंवा खरे तर योगायोग नाहीच. भुलीच्या वायूची ताकद ज्या मापाने मोजतात त्याला ‘मॅक’ म्हणतात. फुफ्फुसातील वायूच्या ज्या प्रमाणाला निम्मे रुग्ण त्वचेवर छेद घेतला तरी हालचाल करत नाहीत, ते प्रमाण म्हणजे एक मॅक. सेव्होफ्लुरेनचे ते सुमारे २ टक्के, आयसोफ्लुरेनचे सुमारे १.२ टक्के, डेस्फ्लुरेनचे सुमारे ६ टक्के. ही निश्चलता मेंदू झोपल्यामुळे येते, असे आम्ही भूलतज्ज्ञ अनेक वर्षे धरून चाललो होतो. १९९३ मध्ये अँटोग्निनी आणि श्वार्ट्झ यांनी शेळ्यांमध्ये मेंदूचा रक्तप्रवाह उर्वरित शरीरापासून वेगळा करून एक प्रयोग केला. आयसोफ्लुरेन मुख्यतः मेंदूलाच दिले, तर हालचाल थांबवण्यासाठी नेहमीच्या दुपटीहून अधिक प्रमाण लागले! म्हणजे छेद घेताना रुग्णाला स्तब्ध ठेवण्याचे काम वायू बहुतांशी मज्जारज्जूतच करतो. हालचाल-संकेत ज्या प्रदेशातून जायला हवा, तोच प्रदेश वायू गप्प करतो. रुग्ण हलू नये म्हणून आपण जे देतो, त्यानेच ‘पाय हलतील का?’ या प्रश्नाचे उत्तर मिळेनासे होते.

प्रत्यक्षात किती वायू चालतो? अर्ध्या मॅकच्या आसपास किंवा त्याखाली धडधाकट तरुण रुग्णात हालचाल-संकेत बहुधा मिळतात. एक मॅकजवळ ते अनेकदा नाहीसे होतात. संवेदना-संकेत त्या मानाने अधिक तग धरतात. जुन्या पद्धतीत वाफेच्या जोडीला नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हास्यवायू, सर्रास दिला जात असे. तो एकटा पूर्ण भूल देऊ शकत नाही, म्हणून त्याला सौम्य समजण्याची सवय आहे. संकेतांच्या बाबतीत तो सौम्य नाही. संवेदना-संकेताची उंची तो चांगलीच कमी करतो आणि वाफेच्या जोडीने दिला तर दोघांचा परिणाम एकत्र होतो.

आणि येथे ‘धडधाकट तरुण’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. ज्याचा मज्जारज्जू आधीच दबलेला आहे, त्याचे संकेत भुलीपूर्वीच क्षीण असतात. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो. त्यामुळे कुबड आलेल्या, पायांत अशक्तपणा असलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया करताना मज्जारज्जूवर पहारा ठेवण्याची गरज सर्वांत जास्त असते, आणि नेमक्या याच रुग्णात अर्धा मॅकही संकेत पुसून टाकायला पुरेसा ठरू शकतो. लहान मुलांमध्ये हालचालीच्या मार्गाची वाढ पूर्ण झालेली नसते. त्यांच्याही संकेतांना थोड्या वायूचा मोठा फटका बसतो.

मग यावर उपाय काय? वायू बंद ठेवून शिरेवाटे भूल देणे. प्रोपोफॉल आणि त्याच्या जोडीला फेंटानिल किंवा रेमिफेंटानिलसारखे वेदनाशामक, दोन्ही सिरिंज पंपाने सतत चालू. प्रोपोफॉल अगदी निरुपद्रवी आहे असे नाही. मात्रा वाढवली, की तेही संकेत दाबते. पण रुग्ण पुरेसा झोपलेला आणि संकेतही पुरेसे जिवंत, अशी मधली जागा प्रोपोफॉलमध्ये वायूपेक्षा बरीच रुंद आहे. वेदनाशामकांचा संकेतांवर फारसा परिणाम होत नाही. केटामिन तर संवेदना-संकेताची उंची वाढवते, म्हणून अशक्त संकेतांच्या रुग्णात त्याची लहान मात्रा उपयोगी पडते. स्नायू शिथिल करणारे औषध श्वासनळी घालण्यापुरतेच दिले जाते आणि त्याचा परिणाम ओसरू दिला जातो, कारण स्नायूच ढिले पडले तर हालचाल-संकेत येणार कोठून? गंमत अशी, की संवेदना-संकेतांना हेच औषध मानवते. स्नायूंची खळबळ थांबली, की त्यांची लाट स्वच्छ दिसते. एका रुग्णात दोन संकेतांच्या मागण्या अशा परस्परविरुद्ध असतात.

शिरेवाटे दिलेल्या भुलीचे काही तोटेही मान्य करायला हवेत. वायूचा एक मोठा गुण असा, की रुग्णाच्या उच्छ्वासात तो किती आहे हे यंत्र प्रत्येक श्वासाला दाखवते. रक्तात प्रोपोफॉल किती आहे, ते नेहमीच्या शस्त्रक्रियागृहात असे मोजता येत नाही. शिरेतली नळी चादरीखाली निसटली, पंप मध्येच थांबला, तर रुग्ण जागा होत असल्याचे उशिरा कळू शकते. म्हणून कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून भुलीची खोली दाखवणारे यंत्र अशा वेळी वापरावे. खर्च वाढतो. पंप चांगले हवेत. कित्येक तास प्रोपोफॉल चालल्यावर रुग्णाला जाग यायलाही वेळ लागू शकतो. या कारणांमुळे काही ठिकाणी थोडे प्रोपोफॉल आणि अर्ध्या मॅकहून कमी वायू, असा मध्यममार्ग स्वीकारतात. सशक्त संकेतांच्या रुग्णात तो चालून जातो. ज्याचा मज्जारज्जू आधीच दुखावला आहे, त्याच्यात तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे वाचवलेले पैसे फार महागात पडू शकतात.

मात्रेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व स्थैर्याला आहे. संकेत वाचणे म्हणजे सुरुवातीच्या नोंदीशी तुलना करणे. संवेदना-संकेताची उंची निम्म्याने घटली, किंवा त्याला पोहोचायला दहा टक्के अधिक वेळ लागला, की धोक्याची सूचना द्यायची असा रूढ निकष आहे. पण ज्या नोंदीशी तुलना करायची तीच चुकीच्या वेळी घेतली असेल तर? लहान मूल सुईला घाबरते, म्हणून त्याला बहुधा मास्कमधून सेव्होफ्लुरेन देऊन झोपवतात आणि मग शिरेवाटे औषध सुरू करतात. हे योग्यच आहे. परंतु वायू शरीरातून निघून जायला वेळ लागतो. त्याआधीच पहिली नोंद घेतली, तर पुढच्या तासाभरात वायू ओसरत जाईल तसे संकेत आपोआप मोठे होत जातील. याच काळात मज्जारज्जूला थोडी इजा झाली, तर ती सुधारणा आणि ही घसरण एकमेकांना झाकून टाकतील आणि पडद्यावर सारे आलबेल दिसेल. म्हणून पहिली नोंद वायू निघून गेल्यावर, रुग्णाला पालथे केल्यानंतर आणि छेद घेण्यापूर्वी पुन्हा घ्यावी लागते.

याच्या उलट, मात्रा अगदी स्थिर असली तरी तासांमागून तास भूल चालू राहिल्यावर हालचाल-संकेत मिळवण्यासाठी हळूहळू अधिक व्होल्टचा झटका लागतो, असेही दिसून आले आहे. कॅलिफोर्नियातील लायन, फाइनर आणि लीबरमन यांनी २००५ मध्ये या संथ ऱ्हासाचे वर्णन केले. आधीच आजारी असलेल्या मज्जारज्जूंत तो अधिक वेगाने होतो. हे ठाऊक नसलेला तंत्रज्ञ पाचव्या तासाला विनाकारण घाबरून जाईल.

आता त्या मुलीच्या शस्त्रक्रियेतील एका क्षणाकडे येऊ. स्क्रू बसले आहेत. पहिली सळई अडकवून कणा सरळ करणे सुरू आहे. आणि दोन्ही पायांचे हालचाल-संकेत अचानक नाहीसे होतात. कोपऱ्यात यंत्रापाशी बसलेली तंत्रज्ञ हाक देते. आता काय समजायचे?

सर्वप्रथम हात पाहायचे. फ्रान्समधील डॉक्टरांनी १९७३ मध्ये आधी हात हलवायला सांगितले होते, तेच तर्कशास्त्र येथेही लागू पडते. शस्त्रक्रिया छातीच्या किंवा कमरेच्या मणक्यांवर चालू आहे. हातांकडे जाणारे मार्ग तिच्या वर आहेत. हातांचे संकेत जसेच्या तसे आणि पायांचे गायब, तर दोष भुलीचा असण्याची शक्यता फारच कमी. भुलीचा परिणाम सर्वदूर असतो, दोन्ही बाजूंना असतो आणि बहुधा हळूहळू होतो. इजेचा परिणाम ठरावीक पातळीखाली असतो, कधी एकाच बाजूला असतो आणि शल्यचिकित्सकाच्या एखाद्या कृतीपाठोपाठ येतो. रक्तदाब खूप उतरला, रक्तस्रावाने हिमोग्लोबिन घटले, शरीर थंड पडले, तरीही संकेत मंदावतात. तेही त्याच मिनिटाला तपासावे लागते.

हा तर्क कागदावर सोपा आहे. पण दहा मिनिटांपूर्वी रुग्णाचा रक्तदाब वाढला म्हणून भूलतज्ज्ञाने कोणाला न सांगता वाफेची चकती थोडी फिरवली असेल, किंवा प्रोपोफॉलचा एक जादा डोस दिला असेल, तर? हातांचे संकेतही थोडे घटलेले दिसतात. पायांचे संकेत मुळातच लहान आणि त्यांचा मार्ग लांब, म्हणून ते आधी नाहीसे होतात. आता हे भुलीमुळे झाले की सळईमुळे, हे खात्रीने सांगणारा कोणीही त्या खोलीत उरत नाही. येथून दोन चुका होऊ शकतात. पहिली चूक म्हणजे नसलेल्या इजेला घाबरून सळया काढून टाकणे आणि मुलीचा कणा अर्धवट वाकडा ठेवून शस्त्रक्रिया गुंडाळणे. दुसरी चूक म्हणजे ‘गॅस वाढवला होता, त्यामुळे असेल’ असे म्हणून पुढे जाणे. पहिल्या चुकीची भरपाई दुसऱ्या शस्त्रक्रियेने करता येते. दुसरीची भरपाई अनेकदा होत नाही. हे वाक्य उच्चारण्याची वेळच येऊ नये, यासाठी शिरेवाटे भूल, स्थिर मात्रा आणि कोणताही बदल करण्यापूर्वी तो मोठ्याने सांगण्याची शिस्त, हा सारा खटाटोप असतो.

अशा वेळी काय करायचे याचा क्रम बहुतेक अनुभवी पथकांनी लिहून भिंतीवर लावलेला असतो, कारण घाबरलेल्या माणसाला पाठ केलेलेही आठवत नाही. शल्यचिकित्सक हात थांबवतो आणि शेवटची कृती उलटी फिरवतो. सळईवरचा ताण काढतो, शंकास्पद स्क्रू तपासतो. भूलतज्ज्ञ वायू चालू असेल तर बंद करतो, स्नायू-शिथिलकाचा परिणाम उरला आहे का ते पाहतो आणि सरासरी रक्तदाब ८० ते ८५ च्या वर नेतो, म्हणजे ताणलेल्या मज्जारज्जूला रक्त मिळेल. आधीच्या तासांत रक्तस्राव कमी व्हावा म्हणून तोच रक्तदाब मुद्दाम थोडा खाली ठेवलेला असू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कामातली ओढाताण कळेल. तंत्रज्ञ सुया आणि तारा निसटल्या नाहीत ना, हे तपासते. अनेकदा एवढ्याने काही मिनिटांत संकेत परत येतात. आले नाहीत, तर १९७३ ची जुनी वेक-अप टेस्ट आजही शेवटचा आधार म्हणून उभी आहे.

संकेत-नोंदणीचे यंत्र आणि ते वाचणारी प्रशिक्षित व्यक्ती आपल्याकडे सर्वत्र उपलब्ध नाही. मोठ्या शहरांतील रुग्णालयांतही काही ठिकाणी ती बाहेरून बोलवावी लागते आणि तिचा आकार वेगळा द्यावा लागतो. कण्याची मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर नातेवाईकांनी तीन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. मज्जारज्जूचे संकेत नोंदवणार का, आणि संवेदनेबरोबर हालचालीचेही नोंदवणार का? ते शस्त्रक्रियाभर कोण वाचणार? आणि भूल त्याला पूरक अशी देणार का? या प्रश्नांनी कोणत्याही डॉक्टरला राग येण्याचे कारण नाही. मिरगी असल्यास, डोक्यात धातूची क्लिप असल्यास किंवा पेसमेकर बसवलेला असल्यास तेही न विसरता आधी सांगावे, कारण कवटीवरचे झटके देण्यापूर्वी त्याचा विचार करावा लागतो.

शेवटचा टाका पडत आला, की पंप थांबतात. मुलीला उताणे केले जाते. तिचे डोळे अजून मिटलेलेच असतात, तेव्हा भूलतज्ज्ञ तिच्या कानाशी वाकून नावाने हाक मारतो आणि आधी हाताची मूठ वळायला सांगतो, मग पायाची बोटे हलवायला. तोवर शल्यचिकित्सकही हातमोजे न काढता पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभा राहिलेला असतो.